खैरानच्या खाडीत सात अभियंते

कोणतंही यंत्र बंद पडायला ते एकटंच पुरतं. ते चालू करायला मात्र समिती लागते. ही गोष्ट ज्या संस्थांना वेळेवर समजली, त्या आजही टिकून आहेत. मस्कतमधला आमचा ‘सागरसखा मराठी परिवार’ ही त्यांपैकीच एक. परिवाराचे एकशे बारा सभासद, नऊ समित्या आणि एक सतरंजी आहे. मी परिवाराचा सचिव. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी बंदर खैरान इथे जे घडलं, त्याचं अधिकृत टिपण माझ्याकडे आहे. अधिकृत टिपणात ज्या गोष्टी घेता आल्या नाहीत, त्या इथे देत आहे.

बंदर खैरान म्हणजे मस्कतहून समुद्रमार्गे तासाभरावर डोंगरांत घुसलेलं पाणी. दोन्ही बाजूंना उघडे तांबूस कडे आणि मधून वळणं घेत गेलेली अरुंद वाट, जणू कोणी कालवा खणून ठेवलाय. आमच्या परिपत्रकात तिचा उल्लेख ‘नैसर्गिक कालवा’ असाच केला होता (‘खाडी’ म्हटलं की मुंबईच्या सभासदांना वास आठवतो). महाराष्ट्र दिन आगाऊ साजरा करावा, कालव्यातून लाकडी गलबताने जावं, पलीकडच्या वाळूवर जेवावं आणि चारपर्यंत परतावं, असा ठराव सर्वानुमते झाला होता. एप्रिलअखेर उकाडा असतो, हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

गलबतावर आम्ही सव्वीस जण होतो. अध्यक्ष राजीव सबनीस, एका तेल कंपनीत नियोजन अभियंता. त्यांच्या पत्नी कल्पनाताई, एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी. राजीवच्या आई श्यामलाबाई, वय चौऱ्याहत्तर, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या, मधुमेही. गलबताचे मालक-चालक खलफान, साठीचे ओमानी गृहस्थ, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत. त्यांचा नेहमीचा सोबती रुस्ताकला पुतण्याच्या लग्नाला गेला होता, म्हणून त्या दिवशी ते एकटेच होते. आणि मागच्या बाजूला गॅसची शेगडी लावून बसलेला जनार्दन.

जनार्दन मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका गॅरेजात कामाला. एकोणीस वर्षं झाली. गाव गुहागरच्या बाजूचं, बायको जयवंती तिकडेच. परिवाराची वर्गणी त्याने कधी भरली नव्हती, पण बटाटेवडे तो असे करायचा की, त्याला ‘विशेष निमंत्रित’ हा दर्जा दिला होता. विशेष निमंत्रिताला मतदानाचा हक्क नसतो. कढई त्याने स्वतःची आणायची असते.

निघण्यापूर्वी कल्पनाताईंनी सुरक्षेच्या सूचना दिल्या, पंचवीस मिनिटं. पाण्यात पडल्यास काय करावं, पडलेल्याला पाहिल्यास काय करावं, कोणीच न पडल्यास काय करावं. प्रत्येकाला केशरी जाकीट मिळालं. त्यांनी तीनदा माणसं मोजली. उत्तरं अनुक्रमे सव्वीस, पंचवीस आणि सव्वीस आली. बहुमताने सव्वीस स्वीकारण्यात आलं.

खाडीच्या तोंडाशी गलबत जरा थांबवून आम्ही सागरपूजन केलं. नारळ वाढवला, झेंडूची माळ सोडली, आणि उरलेली फुलं, करवंटी आणि कापराची पाकिटं असा सगळा ऐवज पिशवीसकट भक्तिभावाने पाण्यात टाकला. खलफान पुढून हात हलवून काही तरी ओरडत होते. ते आपल्यालाच शुभेच्छा देत आहेत असं वाटून आम्हीही हात हलवले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोन वळणं आत गेल्यावर, इंजिनाजवळ बारीक शिट्टी वाजू लागली. खलफाननी क्षणात इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. मग झाकण उघडून खाली वाकले, हात लावून पाहिला, चटका बसला तसा झटकला आणि वर येऊन म्हणाले, “गरम. पानी माफी.”

ओमानात ‘माफी’ म्हणजे ‘नाही’, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त श्यामलाबाई नव्या होत्या. “बिचारा माफी मागतोय रे,” त्या म्हणाल्या. “राजीव, जाऊ दे, रागावू नकोस त्याला.”

राजीव रागावला नाही. त्याने खलफानच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत सांगितलं की, पाण्याची चिंता करू नका, आपल्याकडे चौसष्ट बाटल्या आहेत.

खलफाननी त्याचा हात बाजूला केला आणि सगळ्यांकडे वळून विचारलं, “इधर कौन इंजिनियर?”

सात हात वर गेले.

आखातातल्या कोणत्याही मराठी जमावात दर तीन-चार माणसांमागे एक अभियंता निघतो, असं माझं निरीक्षण आहे, त्यामुळे यात नवल नव्हतं. दोघे सॉफ्टवेअरचे. एक एसीचे, पण विक्रीतले. एक जण अग्निशमनाचे आराखडे मंजूर करून घेतात. एक सिमेंटमध्ये आहेत (म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही आणि आता विचारायची वेळ निघून गेली). सहावा राजीव. सातवा मी. मी सांगलीला मेकॅनिकलची पदवी घेतली आणि गेली बावीस वर्षं एका कंपनीसाठी गास्केट नावाची वस्तू खरेदी करतो. चौदा प्रकारची गास्केटं मला क्रमांकांनिशी पाठ आहेत. गास्केट मी पाहिलेलं नाही. तरी हात वर गेला. तो आपोआप जातो.

इंजिनाच्या खोलीत दीड माणूस मावतो. म्हणून आम्ही पाळीपाळीने खाली उतरायचं ठरवलं, ज्येष्ठतेनुसार. प्रत्येक जण आत जायचा, मोबाईलचा दिवा लावायचा, “हं” म्हणायचा आणि घामाघूम होऊन बाहेर यायचा. बाहेर आल्यावर निदान सांगायचं असा संकेत आपोआप पडला. बॅटरी. डिझेलमध्ये भेसळ. सेन्सर (हे दोन मतांनी). एसीवाले म्हणाले, हवा खेळती नाही. सिमेंटवाले म्हणाले, त्यांना आत काही दिसलं नाही, पण पाया पक्का वाटतो. मी म्हणालो, गास्केट असू शकेल. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

अकरा तेवीसला तांत्रिक उपसमिती स्थापन झाली. सूचक मी, अनुमोदक सिमेंटवाले. मोबाईलला रेंज नव्हती; कड्यांमध्ये ती येत नाही. खलफानच्या वायरलेसवर नुसती खरखर. त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत मूळ कारणाचा शोध घेणं हा एकच मार्ग समितीपुढे उरला. राजीव यात वाकबगार. पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण सापडतं, अशी पद्धत त्याच्या कंपनीत आहे. त्याने कागदी पत्रावळ उलटी केली आणि पेन काढलं.

गलबत का थांबलं? कॅप्टननी इंजिन बंद केलं. का? गरम झालं. का गरम झालं? एप्रिल आहे. एप्रिलमध्ये का आलो? मार्चमध्ये हॉल मिळाला नाही, म्हणून कार्यक्रम पुढे गेला आणि मग पाण्यावर आला. हॉल का मिळाला नाही?

“सचिवांनी वेळेवर आरक्षण केलं नाही,” अग्निशमनवाले म्हणाले.

पद्धत अचूक होती. इंजिनातल्या बिघाडाचं मूळ कारण मी होतो. राजीवने माझं नाव पत्रावळीवर लिहून त्याभोवती गोल काढला.

तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. गलबत नांगराभोवती फिरलं आणि नांगर खालच्या खडकावरून घसरू लागला. मागचा कडा जवळ येत होता. किती जवळ, याविषयी समितीत तीनशे मीटरपासून चाळीस मीटरपर्यंत मतं होती. सरासरी एकशे दहा धरण्यात आली. खलफाननी लांब बांबू घेतला आणि ते मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आता त्यांना तिथून हलता येईना. त्यांनी मान वळवून पुन्हा सांगितलं, “नीचे से पानी माफी! एक आदमी मंगता, नीचे जाने का!”

“पाण्यात उतरायचं काम परवान्याशिवाय होणार नाही,” कल्पनाताई म्हणाल्या. परवान्याचे कोरे फॉर्म त्यांच्या ऑफिसात, मस्कतमध्ये गाला इथे होते. त्यांनी पुन्हा माणसं मोजली. चोवीस.

आणि याच सुमारास श्यामलाबाई गप्प झाल्या.

जेवण साडेअकराला, असं परिपत्रकात छापलं होतं. परिपत्रकावर विश्वास ठेवून त्यांनी अकराच्या आधीच इन्सुलिन घेतलं होतं. परिपत्रकावर विश्वास ठेवणारी अशी व्यक्ती परिवाराच्या इतिहासात दुसरी नाही. जेवणाचे डबे पुढे पाठवलेल्या लाँचने केव्हाच वाळूवर पोचले होते. बाईंच्या कपाळावर घाम होता, पण तो सगळ्यांच्याच होता. हात थरथरत होते, पण गलबतही हलत होतं. राजीवची पाठ त्यांच्याकडे होती. तो पत्रावळीची दुसरी बाजू सुरू करत होता.

जनार्दनने गॅस बारीक केला. चहाच्या सामानातला साखरेचा डबा उघडला, पाण्याच्या पेल्यात चार चमचे घालून ढवळले आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“आजी, ह्ये प्या आधी.”

“अरे, मला साखर चालत नाही.”

“आत्ता चालतंय. प्या. सगळं प्या.”

त्यांनी प्यायलं. तो पेला धरून बसला. मग पावात वडा घालून तो हातात दिला. “आता हळूहळू खावा. माज्या आयेचं असंच व्हायचं.”

दहा मिनिटांनी बाईंच्या तोंडावर रंग आला. “कुठला रे तू?” त्यांनी विचारलं.

“गुहागर. आमची बोट होती मासेमारीची. तीन सिलिंडरवाली.”

“मग इकडे काय करतोस?”

“डिझेल इंजिनं खोलतो.”

श्यामलाबाई चावायच्या थांबल्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, सात जणांच्या वर्तुळाकडे बघितलं, मग परत जनार्दनकडे.

“आणि गप्प बसलायस होय?”

“इंजिनियर कोन, असं इचारलं त्यांनी,” जनार्दन म्हणाला. “मी इंजिनियर नाय. मी मेकॅनिक. आनि कडईत दोन लिटर तेल तापलेलं, बोट डुलतेय, पोरं धावतायत. ह्ये सोडून कसा उठू? पंधरा वडं ऱ्हायलेत. निवलं की जातो.”

हे मी ऐकलं. मी शेगडीपासून चार हातांवर होतो, वड्यांसाठीच आलो होतो. त्या गलबतावर धोक्याचं मूल्यमापन एका माणसाने केलं होतं आणि ते बिनचूक होतं, हे मला त्या क्षणी समजलं. मी ते समितीपुढे मांडायला हवं होतं. पण मूळ कारण म्हणून माझी तेव्हा पत उरली नव्हती. मी एक वडा घेतला.

श्यामलाबाईंनी मात्र आवाज चढवला. शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंचा आवाज. “राजीव! त्या पत्रावळीवर जेवतात, चित्रं काढत नाहीत. इकडे ये आणि ही शेगडी सांभाळ. त्याला खाली जाऊ दे.”

राजीवने शेगडीजवळ येऊन विचारलं, “जनार्दन, तुला यातला अनुभव आहे का?”

“हाय थोडा.”

“पदविका वगैरे?”

“नाय, सायेब.”

राजीवने उपसमितीकडे पाहिलं. उपसमितीने कड्याकडे पाहिलं. कडा आता इतका जवळ होता की त्यावरची बगळ्याची विष्ठा दिसत होती. ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला.

जनार्दनने गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं, तिला दोरीने दांड्याला बांधलं आणि खाली उतरला. कॅप्टनशी त्याची बातचीत मी टिपून ठेवली आहे. “पानी किधर से आता, कॅप्टन?” “नीचे, बीच में.” “जाली?” “हाँ, जाली.” एवढीच. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड करतात. जनार्दनने ते पाणी गाळायची जाळी उघडली. ती कोरडी होती. त्याने खालचा कॉक उघडला. कारंजं उडायला हवं होतं, थेंब आला नाही. तो वर आला आणि शर्ट काढू लागला. “भायेरून तोंडाला कायतरी बसलंय.”

“वैद्यकीय प्रमाणपत्र आहे?” कल्पनाताईंनी विचारलं. मग त्या थांबल्या. त्यांनी कड्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा निराळाच झाला. “निदान कमरेला दोरी बांधा. दोरी बांधल्याशिवाय मी सोडणार नाही तुम्हाला.” हे त्या अगदी बरोबर बोलल्या. गाठही त्यांनीच मारली, चांगली घट्ट. दुसरं टोक त्यांनी समोर जो उभा होता त्याच्या हातात दिलं. तो मी होतो.

जनार्दन पाण्यात गेला. दोरी हातातून सरकत गेली आणि थांबली. गलबताचा तळ वर-खाली होत होता आणि तो त्याच्या खाली होता. सभेचं कामकाज इतका वेळ थांबल्याची ही पहिलीच नोंद. एकदा तो वर आला, श्वास घेतला, परत गेला. मागे खलफानचा बांबू कड्याला टेकला होता आणि ते सगळ्या अंगाने रेटत होते. बांबू वाकला तेव्हा सिमेंटवाले कोणी न सांगता धावले आणि त्यांच्या शेजारी उभं राहून ढकलू लागले. मग सॉफ्टवेअरचे दोघे. मला दोरीत काहीच जाणवेना. गेल्या बावीस वर्षांत ज्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे असं काही मी हातात धरलं नव्हतं. मी दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले, हे अधिकृत टिपणात नाही.

दोरीला हिसका बसला. जनार्दन वर आला. हातात पिशवी होती.

पिशवीत झेंडूची फुलं, करवंटीचे तुकडे आणि कापराची तीन पाकिटं होती.

पिशवीकडे सगळ्यांनी पाहिलं आणि मग सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. (चौकशी अहवालात तिचा उल्लेख ‘बाह्य वस्तू’ असा आहे. पिशवीवर परिवाराचं नाव छापलेलं नसल्याने मालकी सिद्ध होऊ शकली नाही.)

“कॅप्टन, यल्ला! चलो!” जनार्दन पाण्यातूनच ओरडला, आणि मी आणि शेजारच्या दोघांनी त्याला वर ओढलं. तो ओल्या अंगानेच खाली गेला. पंपातलं रबरी चक्र वाचलं होतं, कारण खलफाननी शिट्टी वाजताक्षणी इंजिन बंद केलं होतं. कॉकमधून पाणी उसळलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गलबत कड्यापासून सुटलं तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. प्रत्यक्ष दुरुस्तीला लागलेला वेळ सोळा मिनिटं; पूर्वतयारी, एक्कावन्न.

खलफाननी जनार्दनला मिठी मारली, ओल्या अंगाचा विचार न करता. श्यामलाबाईंनी पदराने त्याचं डोकं पुसलं आणि “वडे निवले ना रे,” म्हणून हळहळल्या. कढईजवळ साखरेचा डबा उघडाच होता; राजीवने तो बघितला आणि बंद केला. मग तो आईच्या शेजारी जाऊन बसला आणि तिचा हात हातात घेऊन राहिला. वाळूवर पोचेपर्यंत सगळे जनार्दनला ‘जनार्दनराव’ म्हणत होते. परतीच्या प्रवासात ‘जनार्दन’. धक्क्यावर उतरताना, “अरे, ती कढई तेवढी उचल.”

पुढच्या शुक्रवारी मदिनत सुलतान काबूसला राजीवच्या घरी अभिनंदनाची सभा झाली. संकटसमयी धीरोदात्त नेतृत्वाबद्दल अध्यक्षांना शाल. जीवितहानी शून्य राखल्याबद्दल कल्पनाताईंना स्मृतिचिन्ह (अंतिम मोजणी सव्वीस). मूळ कारणाचा शोध लावल्याबद्दल उपसमितीच्या सातही सदस्यांना गुलाबपुष्प. मला, म्हणजे मूळ कारणालाही, एक मिळालं. मी ते घेतलं. कोपऱ्यात बसलेल्या श्यामलाबाई मोठ्याने म्हणाल्या, “आणि तो?” तेव्हा लक्षात आलं की त्याच्यासाठी प्रमाणपत्र तयार होतं, फक्त टेबलावरच्या गुलाबांखाली राहिलं होतं. जनार्दन गॅरेजातून थेट आला होता, हाताला काळं होतं, म्हणून त्याने ते कडेला दोन बोटांत धरलं. वर लिहिलं होतं: ‘उत्कृष्ट अल्पोपाहार सेवेबद्दल.’

त्याने ते वाचलं. टाळ्या थांबल्यावर प्रामाणिकपणे म्हणाला, “पीठ जरा पातळ झालं होतं.”

त्याच सभेत आणखी एक ठराव झाला. असा प्रसंग पुन्हा आल्यास सात अभियंते अपुरे पडतील, म्हणून तांत्रिक उपसमितीत एक जागा वाढवण्यात आली आहे. पात्रता सोपी आहे. उमेदवाराने सगळा प्रकार सुरक्षित, कोरड्या जागी बसून शेवटपर्यंत पाहिलेला असावा. कोणाला विचारायला हवं होतं हे त्याला आमच्यापेक्षा लवकर कळलेलं असावं. कोण किती मूर्ख आहे, याविषयी त्याचं मत पक्कं झालेलं असावं. आणि या सगळ्या काळात त्याने जागेवरून हलून कोणाच्याही हातात साधा पानासुद्धा दिलेला नसावा.

अर्ज करण्याची गरज नाही. इथवर वाचलंत, त्याअर्थी आपली निवड बिनविरोध झाली आहे. अभिनंदन, गुलाबपुष्प सोयीनुसार घेऊन जावं.